मोठ्या कंपनीकडून पर्यावरणाची प्रश्नावली आली, आता काय करायचं? लहान वर्कशॉपवाल्यांसाठी

भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातूचे पार्ट कातण्याचं वर्कशॉप आहे. मशीन आणि माणसं बाबा बघतात, बिलं, चलनं आणि सरकारी कागद माझ्याकडे. काही वर्षांपूर्वी आमच्या सगळ्यात मोठ्या कस्टमरकडून एक एक्सेल शीट आली. त्यात विजेचा वापर, 'स्कोप १, स्कोप २', पाणी, घातक कचरा, कार्बन कमी करण्याचं उद्दिष्ट असे सात टॅब होते आणि मुदत पंधरा दिवसांची. विचारायला कोणी नव्हतं. शेजारच्या गाळ्यातल्या दोघांनाही तीच शीट आली होती. एकाने सगळीकडे शून्य लिहून पाठवलं, दुसऱ्याने एजंटला पैसे देऊन भरून घेतली. मी स्वतः भरली आणि त्यात एक मोठी चूक केली. ती पुढे सांगतेच.

आता दरवर्षी हे काम आमच्याकडे चार-पाच दिवसांत होतं. दहा ते पन्नास माणसांचं वर्कशॉप असेल, हाताशी पर्यावरण विभाग वगैरे नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं मशीन शॉपची आहेत, पण प्रेस शॉप, फॅब्रिकेशन, रबर, प्लास्टिक मोल्डिंग यांनाही पद्धत हीच लागू पडते.

## १. हे कोण विचारतंय आणि का, ते आधी ओळखा

सगळ्या प्रश्नावल्या एकाच कारणाने येत नाहीत. कारण कळलं की कुठल्या आकड्याला किती महत्त्व द्यायचं ते कळतं. आमच्या अनुभवात तीन कारणं असतात.

पहिलं सेबीचं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचं. शेअर बाजारात नोंदलेल्या सगळ्यात मोठ्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' नावाचा अहवाल देणं बंधनकारक आहे. त्यात वीज, पाणी, कचरा, उत्सर्जन सगळं येतं. जुलै २०२३ मध्ये सेबीने 'बीआरएसआर कोअर' आणलं आणि त्यात पुरवठादारांची माहितीही आली. पुढे ही पुरवठादारांची माहिती पहिल्या २५० कंपन्यांसाठी ऐच्छिक झाली. नियमात पुरवठादार म्हणजे कंपनीच्या एकूण खरेदीत २ टक्के किंवा जास्त वाटा असलेला. लहान वर्कशॉप त्यात क्वचितच बसतं, तरी कंपन्या प्रश्नावली सरसकट सगळ्यांना पाठवतात. तेव्हा 'सेबीने तुमच्यावर सक्ती केली आहे' असं कोणी फोनवर सांगितलं तर घाबरू नका. अहवालाची सक्ती कस्टमरवर आहे. तुमच्यावर आहे तो व्यवहाराचा दबाव, आणि तोही खराच आहे.

दुसरं युरोपचं. तुमचा माल थेट किंवा कस्टमरमार्फत युरोपीय संघात जात असेल तर 'सीबॅम' हा शब्द कानावर येईल. हा सीमेवरचा कार्बन कर. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन यांना तो लागू आहे. नट-बोल्ट-स्क्रू, म्हणजे ७३१८ हा एचएस कोड (मालाच्या वर्गाचा क्रमांक), यात येतो. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा हिशेब सुरू झाला. आधी तुमच्या बिलावरचा एचएस कोड बघा. यादीत नसेल तर सीबॅमची शीट भरायची गरजच नाही, तसं एका ओळीच्या ईमेलने कळवा. तसंच वर्षाला ५० टनांपर्यंतच असा माल आणणाऱ्या युरोपातल्या आयातदाराला यातून सूट आहे, हेही विचारून घ्या.

तिसरं कारण कस्टमरच्या स्वतःच्या धोरणाचं. यात कधी त्यांची एक्सेल असते, कधी इकोव्हॅडिससारख्या मंचावर नाव नोंदवायला सांगतात. अशा मंचाची फी बहुधा पुरवठादारालाच भरावी लागते. पैसे भरण्याआधी कस्टमरच्या पर्चेसवाल्यांना लेखी विचारा, की हे सक्तीचं आहे का आणि त्यांची स्वतःची शीट चालेल का. आम्ही विचारलं, आणि शीट चालली.

## २. कागद जमवा, शीट नंतर उघडा

मी पहिल्या वर्षी उलटं केलं. शीट उघडून एकेक प्रश्नाला कागद शोधत बसले. त्यात आठवडा गेला. आधी हे सगळं एका फाइलला लावा, एप्रिल ते मार्च:

- महावितरणची बारा बिलं (वेबसाइटवरून मिळतात)
- जनरेटरच्या डिझेलची बिलं आणि जनरेटरचं लॉगबुक
- एलपीजी किंवा पाइप गॅसची बिलं
- एमआयडीसीची पाण्याची बिलं, टँकर मागवत असाल तर त्यांच्या पावत्या
- प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे आपण ज्याला कन्सेंट म्हणतो ते
- घातक कचऱ्याचे मॅनिफेस्ट (कचरा नेताना गाडीसोबत जाणारा फॉर्म), कचरा नेणाऱ्या संस्थेसोबतचा करार आणि तिची बिलं
- भंगार विक्रीची बिलं
- कच्च्या मालाची खरेदी आणि मिलची टेस्ट सर्टिफिकेटं
- वर्षभरात पाठवलेल्या मालाचं वजन
- उद्यम नोंदणी

यातला शेवटून दुसरा कागद बहुतेकांकडे नसतो, कारण आपण नगावर बिल करतो, किलोवर नाही. प्रत्येक पार्टचं तयार वजन एकदा काट्यावर घ्या आणि आयटम मास्टरमध्ये, म्हणजे पार्टच्या यादीत टाका. एका दिवसाचं काम आहे आणि पुढे दरवर्षी उपयोगी पडतं.

## ३. वीज: इथे चुकलात तर सगळं चुकलं

मशीन शॉपमध्ये स्वतःच्या उत्सर्जनाचा सिंहाचा वाटा विजेचा असतो. म्हणून इथे थोडं थांबते.

शब्द आधी समजून घ्या. स्कोप १ म्हणजे तुमच्या आवारात किंवा तुमच्या गाडीत जे इंधन जळतं ते. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप ३ म्हणजे बाकी सगळं: कच्चा माल, ट्रान्सपोर्टरच्या गाड्या, बाहेर दिलेलं प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट.

विजेचा हिशेब सोपा आहे. वर्षाचे एकूण युनिट गुणिले ग्रिडचा गुणांक. हा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. २०२३-२४ साठी तो ०.७२७ होता, म्हणजे एका युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड. भरताना ताजी आवृत्ती बघा आणि कुठल्या वर्षाचा गुणांक घेतला ते शेजारच्या रकान्यात लिहा.

आता माझी चूक. उच्चदाब जोडणी असेल तर महावितरणचं बिल 'केव्हीएएच'वर येतं. बिलात केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच असे दोन आकडे असतात आणि पैसे पहिल्यावर लागतात, म्हणून नजर तिथेच जाते. गुणांक मात्र केडब्ल्यूएचला, म्हणजे खऱ्या वापरलेल्या युनिटना लावायचा असतो. मी केव्हीएएच घेतले. समजा पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९ आहे आणि बिलावर २ लाख केव्हीएएच दिसतात, तर खरी वीज १ लाख ८० हजार युनिट. म्हणजे २० हजार युनिट फुकट वाढले, साडेचौदा टन उत्सर्जन आपल्याच नावावर चढलं. कस्टमरच्या ऑडिटरने बिलं मागितली, ताळा केला आणि शीट परत आली. दुरुस्त आकडा गेला, पण पुढची दोन वर्षं आमच्या प्रत्येक आकड्याला पुरावा मागितला जायचा.

छतावर सोलर असेल तर दोन आकडे वेगळे ठेवा: ग्रिडमधून घेतलेली वीज आणि सोलरची स्वतः वापरलेली वीज. नेट मीटरिंगमध्ये बिलावर वजावट होऊन जो आकडा येतो तो पैशांचा हिशेब असतो. सोलरच्या इन्व्हर्टरचं मासिक रीडिंग लिहून ठेवलंत तरच खरा वापर सांगता येतो.

गाळा भाड्याचा आहे आणि वीज मालकाच्या मीटरवर आहे, अशीही वर्कशॉप खूप आहेत. तिथे सबमीटर लावून घ्या. तोपर्यंत मालक ज्या हिशेबाने तुमच्याकडून पैसे घेतो तोच हिशेब वापरा आणि शीटमध्ये तसं स्पष्ट लिहा.

## ४. डिझेल आणि गॅस

हे पटकन होतं. डिझेलच्या एका लिटरमागे साधारण २.६८ किलो, एलपीजीच्या एका किलोमागे २.९८ किलो, पाइप गॅसच्या एका घनमीटरमागे सुमारे २ किलो कार्बन डायऑक्साइड.

एक नमुना हिशेब मांडते. वर्षाला वीज १,८०,००० युनिट, जनरेटरला ३,००० लिटर डिझेल, १९ किलोचे ६० सिलिंडर.

- वीज: १,८०,००० × ०.७२७ = १३०.८६ टन (स्कोप २)
- डिझेल: ३,००० × २.६८ = ८.०४ टन (स्कोप १)
- एलपीजी: १,१४० किलो × २.९८ = ३.४० टन (स्कोप १)
- एकूण: १४२.३ टन

एवढंच गणित आहे. ज्याला जीएसटीचं रिटर्न भरता येतं त्याला हे येतं.

सापळा एकच: स्वतःच्या टेम्पोचं डिझेल स्कोप १ मध्ये येतं, ट्रान्सपोर्टरच्या गाडीचं येत नाही. आणि मालकाच्या घरच्या गाडीचं पेट्रोल कंपनीच्या खात्यावर पडत असेल तर ते आधी वेगळं काढा.

## ५. तेल, कूलंट, चिंध्या, पाणी

शीटमधल्या या टॅबला पर्चेसवाले फारसं बघत नाहीत. मी मात्र सगळ्यात जास्त वेळ इथेच देते.

आजी दर कार्तिकीला आळंदीला जायची. इंद्रायणीत हात बुडवून पाणी डोळ्यांना लावायची. तिच्यासोबत मीही लावलं आहे. आज त्याच घाटापाशी नदीवर फेसाचे पांढरे थर तरंगताना दिसतात आणि वारकऱ्यांना त्यातच उतरावं लागतं. आमच्या भागातले नाले शेवटी पवनेला किंवा इंद्रायणीलाच मिळतात. कूलंटची, म्हणजे धातू कापताना थंडाव्यासाठी सोडतात त्या तेलमिश्रित पाण्याची टाकी पावसाळ्यात गटारात रिकामी करणारे गाळे मी लहानपणापासून पाहिले आहेत. नदीचं सगळं नुकसान वर्कशॉपनी केलेलं नाही, सांडपाण्याचा वाटा मोठाच आहे. पण आपल्या दारातून जे जातं ते आपलंच आहे आणि ते थांबवणं आपल्या हातात आहे.

तर काम असं.

आधी संमतीपत्र उघडून नीट वाचा. मंडळ उद्योगांना लाल, नारिंगी, हिरव्या, पांढऱ्या अशा वर्गांत टाकतं. पांढऱ्या वर्गाला संमती लागत नाही, नुसतं कळवावं लागतं. बाकीच्यांच्या संमतीपत्रात तीन गोष्टी बघा: मुदत कधी संपते, उत्पादन किती टनांना परवानगी आहे आणि घातक कचरा कुठला व किती लिहिला आहे. आमच्या ओळखीतल्या दोन गाळ्यांमध्ये मुदत संपून वर्ष झालं होतं आणि कोणाच्या लक्षातही नव्हतं. प्रश्नावलीत संमतीपत्राची प्रत मागतात, तेव्हा हे उघडं पडतं. मुदत संपण्याआधी काही महिने नूतनीकरणाचा अर्ज टाका.

मग कचरा. घातक कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत आणि त्यात प्रत्येक प्रकाराला क्रमांक आहे. मशीन शॉपला बहुधा हे लागतात:

- ५.१: वापरलेलं तेल
- ५.२: तेलकट गाळ आणि अवशेष
- ३३.१: तेला-रसायनांचे रिकामे डबे, बॅरल
- ३३.२: तेलकट चिंध्या आणि पुसण्याचं कापड

यांची रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, गाडीतून जाताना फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट, आणि वर्षाचा हिशेब फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत मंडळाला. साधारण नियम असा, की हा कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. ज्यांना संमतीपत्र लागतं त्यांनी फॉर्म ५ मधलं पर्यावरण विवरणपत्रही ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं असतं. एकदा हे फॉर्म वेळेवर गेले की कस्टमरच्या शीटमधला कचऱ्याचा पूर्ण टॅब त्यातूनच भरता येतो, वेगळं काही मोजावं लागत नाही.

सगळ्यात मोठा सापळा वापरलेल्या तेलाचा. गाडी घेऊन येणारा आणि बॅरलमागे रोख देणारा माणूस प्रत्येक एमआयडीसीत असतो. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यापेक्षा तो भावही जास्त देतो. ते तेल पुढे भट्ट्यांमध्ये जळतं किंवा भेसळीला जातं. आणि चौकशी झाली तर कायद्याने जबाबदारी ज्याने कचरा निर्माण केला त्याची, म्हणजे तुमची. तेल नेणाऱ्याकडे मंडळाचं अधिकारपत्र आहे का, त्यात ५.१ लिहिलं आहे का, हे बघितल्याशिवाय बॅरल हलवू नका. रिकामी बॅरलंही कामगारांना पाणी साठवायला देऊ नका. आमच्याकडे पूर्वी दिली जायची, बाबांनी ते बंद केलं.

चिप्स, म्हणजे कातताना निघणारा धातूचा चुरा, घातक कचऱ्यात मोडत नाहीत, पण त्यातून गळणारं कूलंट मोडतं. जाळीच्या तळाची ट्रॉली करून घ्या, खाली ट्रे ठेवा, रात्रभर निथळू द्या. सकाळी ट्रेमधलं कूलंट गाळून परत टाकीत. भंगारवाला ओल्या चिप्सचं वजन कापतो, कोरड्यांचं कापत नाही. ट्रॉलीचा खर्च आमचा काही महिन्यांत निघाला.

पाण्यासाठी फार काही लागत नाही. एमआयडीसीचं मीटर, टँकरच्या पावत्या आणि बोअर असेल तर त्याला एक मीटर. संडास-बाथरूमचं पाणी आणि प्रक्रियेचं पाणी वेगवेगळं विचारतात. वेगळं मोजलं नसेल तर माणसांच्या संख्येवरून अंदाज काढा आणि शेजारी 'अंदाज' असं लिहा.

## ६. कच्चा माल: खरा भार इथे आहे

वरच्या उदाहरणात वर्कशॉपने ४०० टन तयार माल पाठवला असं धरू. १४२.३ भागिले ४००, म्हणजे टनामागे ०.३५६ टन, ३५६ किलो. आता हा माल करायला बार, म्हणजे पोलादाच्या सळ्या, किती आणल्या? ५६० टन. १६० टन चिप्स झाल्या.

भारतात पोलाद बनवताना टनामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. तुमच्या एक टन तयार मालासाठी १.४ टन पोलाद लागलं, म्हणजे साडेतीन टन उत्सर्जन माल गेटमधून आत येण्याआधीच झालेलं आहे. आपली मशीन, लाइट, कॉम्प्रेसर सगळं धरून ०.३५६ आणि आलेल्या बारचं साडेतीन. हा हिशेब पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. 'म्हणजे आपण चिप्स कमी केल्या तर बाकी कशाहीपेक्षा जास्त फरक पडतो,' एवढंच म्हणाले. त्यानंतर दोन पार्ट आम्ही बारऐवजी फोर्जिंगवर (आधीच ठोकून जवळपास आकार दिलेल्या तुकड्यावर) नेले आणि एका पार्टला बारचा व्यास एक साइज खाली आणला. तेवढ्यासाठी कस्टमरच्या डिझाइनवाल्यांशी बोलावं लागलं. पण त्यांच्याच शीटचा आधार होता, त्यामुळे त्यांनी ऐकलं.

पोलाद कुठल्या पद्धतीने बनलं यानेही खूप फरक पडतो. भंगार वितळवून विद्युत भट्टीत केलेल्या पोलादाचा भार लोहखनिजापासून झोतभट्टीत केलेल्यापेक्षा बराच कमी असतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयाने 'ग्रीन स्टील'ची व्याख्या जाहीर केली. तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच ते ग्रीन, आणि १.६ च्या खाली असेल तर पाच तारे. त्यामुळे डीलरकडून माल घेताना टेस्ट सर्टिफिकेटसोबत मिलचं उत्सर्जनाचं घोषणापत्र मागायला सुरुवात करा. पहिल्यांदा डीलर 'असं काही नसतं' म्हणेल. सर्टिफिकेटवरच्या हीट नंबरवरून (पोलादाच्या घाणीचा क्रमांक) मिल कळते, मग मिलला थेट ईमेल करा. मोठ्या मिल देतात.

सीबॅमवाल्यांसाठी एक खास गोष्ट. पोलादी मालाला सीबॅममध्ये फक्त थेट उत्सर्जन धरतात, विजेचं धरत नाहीत. म्हणजे बोल्ट बनवणाऱ्याला वायर रॉडच्या मिलचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो मिळाला नाही तर आयातदाराला ठरवून दिलेली मूल्यं वापरावी लागतात, ती बहुधा जास्त असतात, आणि फरक शेवटी तुमच्या दरातून कापला जातो. खरे आकडे द्यायचे तर मान्यताप्राप्त पडताळणी लागते. त्याचा खर्च कोण करणार हे ऑर्डर घेतानाच बोलून घ्या.

## ७. एका कस्टमरचा वाटा कसा काढायचा

शीटमध्ये नेहमी विचारतात, की यातलं 'आमच्यासाठी' किती? वजनावर वाटणं सगळ्यात सोपं. त्या कस्टमरला १०० टन माल गेला असेल तर १०० × ०.३५६ = ३५.६ टन.

पण एकाचा माल जाडजूड आणि दुसऱ्याचा बारीक, नाजूक, दहा मिनिटं मशीनवर राहणारा असेल, तर वजनाने वाटणं अन्यायाचं होतं. तिथे मशीनच्या तासांवर वाटा. पद्धत कुठलीही घ्या, पण सगळ्या कस्टमरना एकच आणि दरवर्षी तीच. एकाला वजनाने आणि दुसऱ्याला तासांनी वाटलं तर बेरीज शंभरच्या वर किंवा खाली जाते, आणि ते पकडलं जातं.

## ८. भरताना आणि सही करताना

माहिती नसेल तिथे शून्य लिहू नका. शून्य म्हणजे 'मोजलं आणि काही निघालं नाही'. मोजलेलंच नसेल तर 'मोजमाप नाही, अमुक महिन्यापासून सुरू करतो' असं लिहा. शून्य भरलेल्या आमच्या शेजाऱ्याला पुढे लेखी खुलासा द्यावा लागला, कारण जनरेटर असलेल्या कारखान्याचं डिझेल शून्य असू शकत नाही.

इंटरनेटवरून पर्यावरण धोरण उतरवून त्यावर लेटरहेड लावू नका. 'आम्ही जैवविविधतेचं संवर्धन करतो' अशी वाक्यं त्यात असतात आणि ऑडिटर शॉप फ्लोअरवर येऊन ऑपरेटरला विचारतो. आमचं धोरण एका पानाचं आहे, मराठीत, पाच ओळींचं: तेल गटारात जाणार नाही, कचरा अधिकृत माणसालाच, कॉम्प्रेसरची गळती महिन्यातून एकदा तपासायची, लंचला मशीन बंद, नोंदी रोज. ते कूलंट रूमच्या दारावर लावलं आहे. इंग्रजी भाषांतर कस्टमरला पाठवलं.

उद्दिष्टांच्या रकान्यात '२०३० पर्यंत ५० टक्के' असं भरायचा मोह होतो. तो आकडा करारात येऊ शकतो. पुढच्या एका वर्षात खरोखर होईल तेवढंच लिहा. आम्ही पहिल्यांदा 'टनामागे वीज ४ टक्के कमी' लिहिलं होतं.

एजंटकडून शीट भरून घेणार असाल तर गुणांक आणि मूळ गणित असलेली फाइल त्याच्याकडून मागा. नुसते आकडे घेऊ नका. पुढच्या वर्षी तो माणूस नसतो आणि तुम्हाला आपलाच आकडा समजावता येत नाही.

## ९. वीज कमी करायची तर कॉम्प्रेसरपासून

सोलरवाल्याला बोलावण्याआधी हे करा. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवा, फक्त कॉम्प्रेसर चालू. हवा कुठेच वापरात नाही, तरी तो मधूनमधून लोड घेईल, म्हणजे हवा भरायला लागेल. लोडचा वेळ आणि अनलोडचा वेळ घड्याळ लावून मोजा, दहा फेऱ्या तरी. लोड ३ मिनिटं आणि अनलोड ७ मिनिटं आले तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३० टक्के हवा नुसती गळते आहे. मग साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड, एकेक पाइप, एकेक एअर गन तपासा. खर्च काहीच नाही.

त्यानंतर दाब. बहुतेक ठिकाणी कॉम्प्रेसर गरजेपेक्षा जास्त दाबावर लावलेला असतो. दाब एक बार (इथे बार म्हणजे दाबाचं एकक) कमी केला की कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्के उतरते. अर्धा-अर्धा बार उतरवत जा आणि मशीनचे चक, म्हणजे पार्ट पकडणारे जबडे, नीट पकडतात ना ते बघत जा. चकचा दाब मशीनच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेखाली नेऊ नका, तिथे माणसाच्या जिवाशी गाठ आहे.

जुन्या मोटारी, दिवे, पॉवर फॅक्टर हे सगळं नंतर. सोलर त्याच्याही नंतर, कारण गळणाऱ्या हवेसाठी पॅनल बसवण्यात पैसा जातो.

## १०. हीच फाइल सरकारी खरेदीसाठी

रेल्वे, संरक्षण कारखाने, सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्या यांना माल द्यायचा असेल तर हे काम वाया जात नाही. केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या यांनी वार्षिक खरेदीतला किमान २५ टक्के भाग सूक्ष्म आणि लघू उद्योगांकडून घ्यायचा असं धोरण आहे. त्यात ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी. उद्यम नोंदणी असेल तर बयाणा रकमेतूनही सूट मिळते. खरेदी बहुतांशी 'जेम' या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून होते, तिथे विक्रेता म्हणून नोंदणी करा.

जोडीला 'झेड' प्रमाणपत्र घ्या. झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची योजना आहे, कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तीन पायऱ्या. प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघू उद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान. महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी तर शुल्क पूर्ण माफ केलेलं आहे. वर्कशॉप आईच्या किंवा बायकोच्या नावावर आहे पण कागदावर तशी नोंद नीट नाही, अशी घरं मला माहीत आहेत. उद्यम प्रमाणपत्रावर मालकाचा रकाना तपासा. अर्ज करण्याआधी अनुदानाची चालू स्थिती पोर्टलवर बघून घ्या.

निविदेत मात्र अजून बहुतेक ठिकाणी सगळ्यात कमी दरालाच काम जातं. तुमची फाइल चांगली आहे म्हणून जास्त दर मिळेल या भरवशावर बोली लावू नका. फाइलचा उपयोग पात्रतेच्या टप्प्यात होतो: संमतीपत्राची मुदत, कचऱ्याचे करार, प्रमाणपत्रं अपुरी म्हणून तिथेच बाद होणारे खूप असतात.

## वर्षाचं वेळापत्रक

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर हे लावलेलं आहे:

- दर महिन्याची १ तारीख: वीज मीटर, सोलर, पाणी, जनरेटर यांचे फोटो, तारखेसकट
- १ एप्रिल: डिझेल, तेल, कूलंट, चिप्स यांचा साठा मोजून नोंद
- एप्रिलचा दुसरा आठवडा: वर्षाचा हिशेब एका शीटमध्ये
- ३० जून: फॉर्म ४
- ३० सप्टेंबर: फॉर्म ५
- डिसेंबर: संमतीपत्राची मुदत बघायची, मिलकडून नवीन घोषणापत्रं मागवायची

फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका, त्याच दिवशी ऑफिसच्या संगणकावर महिन्याच्या फोल्डरमध्ये टाका. आमचा सुपरवायझर फोन बदलताना चार महिन्यांची रीडिंग गेली होती आणि ती बिलांवरून पुन्हा जुळवायला मला दोन दिवस लागले.